सुरईतला फुलांचा वास

गेल्या वर्षापासून माझी जीभ गेली आहे. बोलायची नव्हे. ती चांगली चालते, घरात कुणालाही विचारा. चव गेली. आमटीत मीठ आहे की नाही हे आता मला दुसऱ्यांच्या चेहऱ्यांवरून कळतं. वैद्यबुवा म्हणाले, वयानं होतं असं, आणि एक चाटण देऊन गेले. ते मी फडताळात ठेवून दिलं आहे. घरच्यांना माझी कीव येते, पण खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटतंय. फार वर्षं या जिभेची चाकरी केली, आणि एकदा तिच्यापायी मी जे केलं ते अजून घशात अडकलेलं आहे.

जव्हारच्या दरबारी मी आबदारखान्यावर होतो. आबदारखाना म्हणजे पाहुण्यांच्या पिण्याचं सगळं जिथं ठेवतात ती खोली. पाणी, सरबतं, सोड्याच्या बाटल्या, आणि कुलपाच्या कपाटात विलायती दारू. ती चाखायची आणि पाहुण्यासमोर ठेवण्याजोगी आहे की नाही ते सांगायचं, हे माझं काम. मुंबईचे दुकानदार संस्थानिकांना काय वाटेल ते पाठवत. बाटलीवरचा कागद उंची आणि आत कसलंतरी पाणी, असं दोनदा झालं आणि दोन्ही वेळा चारचौघांत शोभा झाली. तेव्हा कुणाला तरी आठवलं, की अबकारीच्या नाक्यावर एक कारकून आहे, तो नुसत्या वासावरून मोहाची दारू कुठल्या पाड्यावर गाळली ते सांगतो. तो कारकून मी. मला उचलून दरबारच्या बंगल्यावर आणलं, आणि शिकवायला मुंबईहून एक म्हातारा गोवेकर बटलर तीन महिने बोलावला.

लोकांना वाटायचं, मजा आहे लेकाची. मजा कसली! इतक्या वर्षांत एक पुरता प्याला मी कधी प्यालो नाही. बटलरनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की ज्यानं गिळली त्याची जीभ त्या दिवसापुरती मेली. म्हणून चाखायचं ते सकाळी, चहाच्याही आधी. आदल्या दिवशी कांदा-लसूण नाही, पान नाही, तपकीर तर जन्माची सोडलेली. कोमट पाण्यानं चूळ भरायची. दोन थेंब तळहातावर घेऊन चोळायचे आणि वास घ्यायचा. मग प्याल्यात थोडी ओतून पुन्हा वास, मग थेंबभर पाणी घालून पुन्हा वास, मग एक घोट तोंडात फिरवून पितळी तस्तात थुंकायचा. असं चारपाच बाटल्यांचं केलं की डोकं जड व्हायचं आणि जेवणावरची वासना उडायची. घरी गेलो की बायको मागल्या दारानं आत घेई. माझा कप वेगळा होता. थुंकतो म्हणून सांगितलं तरी ती म्हणे, तोंडात तरी घेताच ना.

बटलर मला त्याच्या पद्धतीचे शब्द शिकवायला बघे. ते माझ्या डोक्यात शिरेनात. मग मी एक वही केली आणि मोडीत माझ्या शब्दांत टिपू लागलो. स्कॉटलंडची एक व्हिस्की यायची, तिला मी लिहिलं होतं, 'राब भाजल्यावर वळीव पडला की येतो तो धूर.' आमच्याकडे उन्हाळ्यात भात-नागलीच्या रोपांसाठी पालापाचोळा टाकून जमीन भाजतात, आणि त्यावर अवचित पाऊस आला की सगळ्या डोंगराला जो वास सुटतो, अगदी तोच. बटलरनं वाचून दाखवायला लावलं आणि म्हणाला, बरोबर आहे, तिकडेही धान्य वाळवायला ते मातीच जाळतात. दुसऱ्या एका व्हिस्कीला 'ओलं गोणपाट, मागून मध'. कोन्याक म्हणजे फ्रान्सातली द्राक्षांची ब्रँडी. तिला 'मनुका, जुनी लाकडी पेटी, शेवटी जांभळाच्या बीसारखी तुरट'. हळूहळू ती वही आबदारखान्याचं शास्त्र झाली. कारभारीसाहेब पाहुण्यांना सांगत, की आमच्या माणसाची जीभ मुंबईत सापडायची नाही. मला ते आवडायचं. नाक्यावरच्या कारकुनाला कुणी काय म्हणणार होतं?

माझ्या हाताखाली एक म्हातारा होता. पोशेऱ्याचा, म्हणजे मोखाड्याकडला, आमच्या हद्दीपलीकडचा. मी त्याला बाबा म्हणे आणि तो मला भाऊसाहेब. माझ्याआधी कितीतरी वर्षं तो तिथं होता. पाणी भरायचं, प्याले गरम पाण्यात धुऊन उलटे टांगायचे, बुचं काढायची, ही त्याची कामं. डोक्याला पांढरं मुंडासं आणि छातीवर दरबारचा पितळी बिल्ला. तो बिल्ला तो रोज चिंचेनं घाशी. आणि त्याची एक रीत होती. कुठलीही बाटली फोडली, की बुचाला लागलेले थेंब तो दाराबाहेर जाऊन मातीवर सोडायचा आणि पुटपुटायचा. आधी देवाला. मी चेष्टा करी, की बाबा, तुमच्या वाघोबाला स्कॉच मानवते का? तो म्हणे, मानवती, रागावला नाय अजून.

हे त्याचं घरचं काम होतं. पोशेऱ्यात वाघबारशीला सगळा गाव शिवेवरच्या वाघोबापाशी जमतो. नवी नागली, नारळ आणि मोहाची पहिल्या धारेची दारू देवाला देतात. ती पहिली धार सोडायचा मान या म्हाताऱ्याचा. त्याच्या बापाचा होता, आज्याचा होता. त्यासाठी तो दरसाल दिवाळीत चार दिवस रजा घेऊन गावी जाई, आणि येताना त्या देवाच्या दारूतली थोडी वाळल्या भोपळ्यातून प्रसाद म्हणून घेऊन येई. प्यायचा मात्र नाही. आजारी पडला तर घोटभर घ्यायचा, एरवी कोनाड्यात ठेवून द्यायचा.

त्या वर्षी दिवाळी नुकतीच सरली होती आणि एक बडा साहेब येणार होता. संस्थानाची काहीतरी मोठी कामं त्याच्या हातात होती, त्यामुळे कारभारीसाहेबांचा आठ दिवस पाय ठरत नव्हता. साहेब कोन्याकचा शौकीन आहे असं कळल्यावर मुंबईहून दोन जुन्या बाटल्या मागवल्या. एक घाटात गाडी कलंडून फुटली. राहिली एक. बटलरची शिकवण अशी, की जुनी कोन्याक आदल्या दुपारी बाटलीतून काचेच्या सुरईत काढावी, म्हणजे तिचा पहिला तिखटपणा निघून जातो. सुरईच्या गळ्यावर सोनेरी रेघ होती. तिथपर्यंत भरायची, बूच लावायचं, कुलूप घालायचं. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर व्हायला हवं होतं. पण आठ दिवसांच्या धावपळीनं मी इतका कंटाळलो होतो की बाबाच्या हातात किल्ली दिली, सुरई भरून कपाटात ठेवा म्हणून सांगितलं आणि घरी जाऊन झोपलो. झोप छान लागली.

दुसऱ्या सकाळी मी चाखायला बसलो. वास घेतला आणि थांबलो. मनुका होत्या, जुनी पेटी होती, आणि त्यांच्या मागून कुठूनतरी फुलांचा वास येत होता, गोडसर, उन्हात पडलेल्या फुलांचा. तो कोन्याकात मला कधी मिळाला नव्हता. घोट घेतला. गिळू नये तो गिळला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. वहीत लिहिलं, 'उत्तम. आजवरची सगळ्यांत चांगली. शेवटी फुलं.' बाबा शेजारी प्याले पुसत उभा होता. त्याच्याकडे वळून मी म्हणालो, बाबा, अशी मी आजवर चाखली नाही. म्हातारा इतका खूश झाला की मला नवल वाटलं. हातातला प्याला त्यानं दोनदा पुसला. मग मी वर जाऊन कारभारीसाहेबांनाही तेच सांगितलं, आणि त्यांनी ते चार माणसांत सांगितलं.

दुपारच्या जेवणानंतर साहेबानं घोट घेतला. मी पडद्यामागं उभा होतो. त्यानं डोळे मिटले, प्याला नाकाशी नेला, पुन्हा घोट घेतला आणि हसला. त्यानं मोडक्या मराठीत कारभारीसाहेबांना विचारलं, की यात मोह कुणी घातला? तरुणपणी तो ठाणे जिल्ह्यात अबकारीतच होता म्हणे. डोंगरात हिंडून भट्ट्या फोडणाऱ्याला मोहाचा वास चुकायचा नाही. तो रागावला नव्हता. उलट, वाईट लागत नाही असंच म्हणाला आणि प्याला संपवला. पण कारभारीसाहेबांचा चेहरा पाहिला आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं.

मला त्या क्षणी सगळं कळलं, हे इथं लिहून ठेवतो. मोहाचं फूल. उन्हात पडलेलं. मी अबकारीच्या नाक्यावर वर्षं काढलेला माणूस, नुसत्या वासावरून पाडा सांगणारा. सुरईत, सोनेरी रेघेच्या आत, विलायती प्याल्यात तोच वास आला तेव्हा मला तो ओळखता आला नाही. कारण तिथं तो असेल असं माझ्या मनातच नव्हतं.

साहेब विश्रांतीला गेल्यावर मागल्या ओसरीवर चौकशी झाली. कारभारीसाहेब खुर्चीत, मी बाजूला, दोन शिपाई, आणि समोर बाबा. त्यानं काही लपवलं नाही. लपवायचं असतं हे त्याच्या ध्यानातही आलं नसावं.

"काल सांडली माझे हातून," तो म्हणाला. "हात थरथरला, भुईला गेली. सुरई उनी झाली. पाव्हन्याचा भांडा उना कसा ठेवायचा? म्हनून मी आमचे घरची घातली. देवाची होती, पयल्या धारेची. दुसरी घातली नसती."

त्याच्याजवळ जे सर्वांत चांगलं होतं ते त्यानं साहेबाच्या भांड्यात घातलं होतं. देवाचा प्रसाद पाहुण्याला. त्यात गुन्हा कुठला ते त्याला खरंच दिसत नव्हतं. कारभारीसाहेबही तसे दुष्ट नव्हते. मला वाटतं, सांडली म्हणून त्यांनी चार शब्द सुनावून सोडलाही असता. पण मग ते माझ्याकडे वळले.

"हा म्हणतो काल घातली. तुम्ही तर आज सकाळी चाखलीत. होता का मोह तीत?"

याची दोनच उत्तरं होती. होता, म्हणावं, तर आमच्या माणसाची जीभ संपली. मुंबईत न सापडणारी जीभ गावठी दारूला उत्तम म्हणून आली, हे चार संस्थानांत हसत सांगितलं गेलं असतं. शिवाय किल्ली कुणाजवळ होती हा प्रश्न आलाच असता. आणि नव्हता म्हणावं, तर म्हातारा खोटं बोलतोय. काल नाही, आज सकाळनंतर त्यानं हात मारला. म्हणजे सांडली बिंडली काही नाही, तो स्वतः प्याला आणि वर भर घालून ठेवली. हे सगळं मला दिसत होतं. एखाद्याला सुचलं नसतं, मला सुचलं होतं.

"नव्हता," मी म्हणालो. "मी चाखली तेव्हा शुद्ध होती."

बाबानं माझ्याकडे पाहिलं. सकाळी मी जी वाखाणली तीत मोह होताच, हे आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. मला वाटलं, आता तो ते बोलेल. तो म्हणाला, "भाऊसाहेब सांगत्यात तर तसाच असंल." आणि स्वतःच बिल्ला काढू लागला. पिन त्याच्या कापऱ्या बोटांना निघेना. शेवटी एका शिपायानं काढली.

तो गेल्यावर माझ्या कामात कसलीही कसर राहिली नाही. उलट माझं वजन वाढलं. साहेब जाताना कारभारीसाहेबांना म्हणाला होता म्हणे, की तुमचा चाखणारा हुशार असेल, पण नोकर सांभाळा. कुलपं दुप्पट झाली. नवीन माणूस आला, तो प्याले चांगले धुवायचा आणि दाराबाहेर थेंब टाकायचा नाही. मी चाखत राहिलो. वहीत तेच ते लिहीत राहिलो, मनुका, लाकूड, धूर, गोणपाट. प्रत्येक कोन्याकात मला तो फुलांचा वास शोधायची खोड लागली. मिळायचा नाही. मिळाला असता तर काय केलं असतं कुणास ठाऊक. सकाळी चूळ भरायचाही कंटाळा येऊ लागला.

दोन वर्षांनी मोखाड्याकडून टपाल आणणाऱ्या हलकाऱ्याकडून सहज बोलता बोलता कळलं. बाबाच्या छातीवरचा बिल्ला गेलेला गावानं पाहिला, आणि तो का गेला तेही मोखाड्याच्या बाजारात पोचलं. पाहुण्याची दारू पिऊन वर खोटं बोलला. अशा हातानं देवाची पहिली धार कशी सोडायची? पुढच्याच वाघबारशीपासून गावानं ते काम त्याच्याकडून काढून घेतलं होतं. तो जत्रेला यायचा, मागं बसायचा. हलकारा हे सांगून पाणी पिऊन गेला.

चाकरी गेली हे मी कसंबसं पचवलं होतं. म्हाताऱ्याचं वय झालेलं, कधीतरी घरी बसायचाच होता, अशी मी माझी समजूत घातली होती. हे मात्र पचेना. त्या वर्षीच्या वाघबारशीला मी घरी काहीतरी निमित्त सांगून बैलगाडीनं पोशेऱ्याला गेलो. रस्ता म्हणजे नुसती दगडधोंड्यांची चढउतार. हाडं खिळखिळी झाली. वाटभर मी मनात वाक्य जुळवत होतो, आणि प्रत्येक वाक्यात माझी थोडीतरी बाजू यायचीच.

बाबा अंगणात नागलीच्या कणसांची राखण करत बसला होता. खूप वाळला होता. मला बघून उठला, घोंगडी टाकली, घरात पाणी आणायला सांगितलं. कशाला आलो ते विचारलं नाही. मी सांगायला सुरुवात केली, तर त्यानं हात वर करून थांबवलं.

"माना कशाला सांगता? माना म्हायती हाय. तिकडं सांगा."

तिकडं म्हणजे शिवेवर. उन्हं उतरत असताना गाव वाघोबाच्या, वाघ कोरलेल्या लाकडी पाटापुढं जमला, तेव्हा मी पाटलाच्या परवानगीनं उभा राहिलो. जुळवलेली वाक्यं सगळी विसरलो. एवढंच म्हणालो, की बाबा प्याला नव्हता, सांडली होती, त्यानं सांगितलं ते खरं होतं आणि मी खोटं बोललो. का बोललो ते कुणी विचारलं नाही. मग पाटलानं दारूनं भरलेला पळसाच्या पानाचा द्रोण उचलला आणि बाबाच्या हातात दिला.

बाबाचे हात आता फार कापत होते. देवापर्यंत जाईतो अर्धी वाटेतच सांडली. कुणी हसलं नाही. उरलेली त्यानं पाटापुढं सोडली आणि पुटपुटला. पाटलाच्या मागं एक म्हातारी रडत होती. मीही रडलो, ते लिहायला लाज कशाची? निघताना बाबा मला गाडीपर्यंत पोचवायला आला. भोपळ्यातली थोडी दारू त्यानं दुसऱ्या द्रोणात ओतून माझ्यापुढं धरली. मी तळहातावर चोळली नाही, वही काढली नाही. प्यालो. फुलांचा वास आला, तोच, आणि मी ती थुंकली नाही.

गाडीवान बैल जुंपत होता. बाबानं गाडीच्या दांडीवर हात ठेवला.

"जव्हारात पन सांगाल ना, भाऊसाहेब? कारभाऱ्याला? बिल्ला नको माना. खोटा बोललो नाय, येवढा त्याला कळू दे."

"सांगेन," मी म्हणालो.

पोशेऱ्यात सांगायला माझं काही जात नव्हतं. तिथं मला कोण ओळखत होतं? जव्हारात माझी जीभ होती. मी म्हटलं, या आठवड्यात सांगू. मग म्हटलं, कारभारीसाहेबांची मर्जी बघून सांगू. मग कारभारीसाहेबांची बदली झाली, आणि नव्यांना जुन्या गोष्टी कशाला? पुढच्या पावसाळ्यात बाबा गेल्याचं त्याच हलकाऱ्यानं सांगितलं.

पोशेऱ्याहून परतलो त्याच्या दुसऱ्या दिवशी मुंबईहून नवी पेटी आली होती. पेंढा काढून बाटल्या मांडून ठेवल्या होत्या. मी चूळ भरली आणि चाखायला बसलो.